नोंदवहीत नसलेले लक्षण

शस्त्रक्रिया चांगली झाली असे सांगून सर्जन थिएटरबाहेर येतात तेव्हा मुलाच्या जिवाचा धोका संपलेला नसतो, त्याचे स्वरूप बदललेले असते. टेबलावर असेपर्यंत भूलतज्ज्ञाची नजर क्षणभरही ढळत नाही. वॉर्डात आल्यावर ती नजर दर काही तासांनी होणाऱ्या सिस्टरच्या फेरीपुरती उरते. आतला रक्तस्राव, आतड्याची गळती, जंतुसंसर्ग, वेदनाशामकांमुळे मंदावणारा श्वास या गुंतागुंती नेमक्या याच काळात डोके वर काढतात, आणि या काळात मुलाकडे अखंड पाहत असते ती खाटेशी बसलेली आई किंवा बाप. अशा आणीबाणीला कुटुंब कसे तोंड देते हा प्रश्न आपल्याकडे धीराचा, श्रद्धेचा, घरच्यांच्या आधाराचा म्हणून चर्चिला जातो. ते सगळे लागतेच. पण आईबापांना जे दिसते ते सांगायला आणि सांगितलेले ऐकून घ्यायला रुग्णालयात अधिकृत जागा आहे की नाही, यावर मुलाचे प्राण आणि कुटुंबाचे सावरणे या दोन्ही गोष्टी अधिक अवलंबून असतात.

यामागे शरीरशास्त्र आहे. मुलाच्या अंगात दर किलो वजनामागे साधारण ७० ते ८० मिलिलिटर रक्त असते. १५ किलोच्या मुलाचे सगळे रक्त मोजले तर एक लिटरच्या थोडेसेच वर भरते. त्यातले पेलाभर गेले तरी तो मोठा रक्तस्राव ठरतो. मात्र मुलांच्या रक्तवाहिन्या जोमाने आकसतात, हृदय वेगाने धावू लागते, आणि एकूण रक्तापैकी पाव हिस्सा गेला तरी रक्तदाब जवळपास नेहमीसारखाच राहू शकतो. प्रौढांच्या बाबतीत रक्तदाबाचा आकडा पुष्कळ वेळा सावध करतो; मुलांच्या बाबतीत तो घसरतो तेव्हा हाताशी फार थोडा वेळ उरलेला असतो. त्याआधी जे दिसते ते वेगळे असते. हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, मूल आधी चिडचिडे आणि मग विचित्र शांत होते, ओळखीच्या आवाजाला उशिरा प्रतिसाद देते. टॉन्सिल काढलेले मूल झोपेत वारंवार काही तरी गिळत असेल तर ते घशात झिरपणारे रक्त असू शकते. यातली बरीच चिन्हे ओळखायला ते मूल एरवी कसे असते हे माहीत असावे लागते. ‘हा असा कधी नसतो’ हे आईचे वाक्य म्हणूनच भावनेचा उद्गार समजून बाजूला ठेवता येत नाही. मुलाच्या नेहमीच्या स्थितीशी केलेली ती तुलना असते, आणि पाळी बदलून आलेल्या डॉक्टरकडे ती नेहमीची स्थिती माहीतच नसते.

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातील लुईस ब्लॅकमन या पंधरा वर्षांच्या मुलाचे प्रकरण या संदर्भात अभ्यासले जाते. छातीच्या आत गेलेल्या हाडाची रचना सुधारण्यासाठी २ नोव्हेंबर २००० रोजी, गुरुवारी, त्याच्यावर नियोजित शस्त्रक्रिया झाली. मूल एरवी ठणठणीत होते. वेदना कमी करण्यासाठी इतर औषधांबरोबर त्याला केटोरोलॅक शिरेतून दिले जात होते. हे औषध जठर आणि लहान आतड्याच्या आतल्या अस्तराचे संरक्षण कमी करते आणि प्रसंगी तिथे व्रण पाडते. रविवारी सकाळी त्याच्या पोटात अचानक असह्य कळ आली. शस्त्रक्रिया छातीची आणि दुखणे पोटाचे, तरीही निदान झाले ते गॅसचे: वेदनाशामकांनी आतडी मंदावली आहेत, थोडे चालवा, बरे वाटेल. पोट ताठ होत गेले, रंग उतरला, नाडी वाढत गेली. आई हेलन हॅस्केल वरिष्ठ डॉक्टरांना बोलवा म्हणत होत्या. जे तपासायला आले ते प्रशिक्षणार्थी निवासी डॉक्टर होते, हे त्यांना तेव्हा कळले नाही. सोमवारी सकाळी रक्तदाब मिळेना, तेव्हा यंत्र बिघडले असेल असे समजून दुसरी यंत्रे आणि दुसरे पट्टे लावून पाहण्यात बराच वेळ गेला. त्याच दिवशी मुलगा दगावला. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला व्रण फुटला होता आणि पोटात रक्त व पाचकरस साठले होते.

इथे एकही अडाणी किंवा दुष्ट माणूस नव्हता, आणि म्हणूनच हे प्रकरण शिकवण्याजोगे आहे. शस्त्रक्रियेनंतर दुखणारच, ही समजूत आधीपासून तयार असते. एकदा ‘गॅस’ हा शब्द केसपेपरवर आला की पुढचे प्रत्येक लक्षण त्या शब्दात बसवले जाते. पाळी बदलताना रुग्णाबरोबर तो शब्दही पुढच्या डॉक्टरच्या हवाली होतो. शनिवार-रविवारी वरिष्ठ मंडळी घरी असतात. सिस्टरला शंका आली तरी ती निवासी डॉक्टरला सांगणार, तो आपल्या वरच्याला उठवावे की नाही याचा विचार करणार, कारण रात्री विनाकारण उठवल्याची बोलणी त्याने पूर्वी खाल्लेली असतात. या उतरंडीत आईबापांना कोणतीच पायरी नाही. त्यांचे म्हणणे आत शिरते ते कुणाच्या तरी मर्जीने, आणि जो ऐकतो तोच बहुधा चुकीच्या निदानाला बांधला गेलेला असतो.

आईबाप वॉर्डात असणे हीसुद्धा पाश्चात्त्य रुग्णालयांत फार जुनी गोष्ट नाही. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये लंडनमध्ये एक माहितीपट केला. बेंबीच्या हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे त्यात चित्रण आहे. मूल ‘रुळले’ असे ज्याला परिचारिका म्हणत, ती प्रत्यक्षात हताशा होती, हे त्या माहितीपटाने दाखवले आणि डॉक्टरांचा रोषही ओढवून घेतला. पुढे १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने ब्रिटनमध्ये पालकांना मुक्त भेटीची शिफारस केली. दार उघडले ते मुलाच्या मनासाठी. पालकाच्या नजरेला वैद्यकीय मोल आहे ही कल्पना रुजायला आणखी चार-पाच दशके जावी लागली.

ती रुजली ती बहुतेक मृत मुलांच्या नावाने. भाजल्यामुळे बाल्टिमोरमधल्या रुग्णालयात दाखल असलेली अठरा महिन्यांची जोसी किंग बरी होत असताना २००१ मध्ये दगावली. आई तिला तहान लागल्याचे सांगत होती आणि मूल निर्जलीकरणाच्या अवस्थेत होते. त्यानंतर २००५ मध्ये पिट्सबर्गच्या एका रुग्णालयाने कुटुंबीयांना स्वतः फोन करून तातडीचे पथक बोलावता येईल अशी सोय केली. त्याच वर्षी साउथ कॅरोलिनात लुईस ब्लॅकमनच्या नावाने कायदा झाला. प्रत्येकाच्या बिल्ल्यावर नाव आणि हुद्दा असावा, प्रशिक्षणार्थी असल्यास तसा स्पष्ट उल्लेख असावा, आणि रुग्णाला आपल्या मुख्य डॉक्टरपर्यंत पोहोचण्याचा मार्ग असावा, एवढ्याच त्याच्या मुख्य मागण्या. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये रायन सॉन्डर्स हा तीन वर्षेही पूर्ण न झालेला मुलगा २००७ मध्ये जंतुसंसर्गाने गेला आणि पुढे त्याच्या नावाचा नियम आला. इंग्लंडमध्ये तेरा वर्षांची मार्था मिल्स सायकलवरून पडून स्वादुपिंडाला इजा झाल्यावर, २०२१ मध्ये रक्तातील जंतुसंसर्गाने गेली. अतिदक्षता विभागात वेळेवर हलवली असती तर ती बहुधा वाचली असती, असे मृत्युचौकशीत निष्पन्न झाले. तिच्या नावाचा नियम २०२४ मध्ये पहिल्या टप्प्यात १४३ रुग्णालयांत लागू करण्याचे ठरले.

मार्थाच्या नियमाचा गाजलेला भाग म्हणजे कुटुंबीयांना चोवीस तास दुसऱ्या पथकाकडून तपासणी मागता येणे. पण त्याच्याइतकाच महत्त्वाचा भाग दुर्लक्षिला जातो: रुग्णाला आणि जवळच्यांना रोज ठरवून विचारायचे, की कालच्यापेक्षा आज कसे वाटते, आणि उत्तर नोंदवायचे. फोनचा हक्क फक्त फोन करणाऱ्याला उपयोगी पडतो. मार्थाची आई एका मोठ्या वृत्तपत्रात संपादक होती, इंग्रजी तिची मातृभाषा, तरीही मोठ्या डॉक्टरांपुढे फार ताणून धरले नाही याची सल तिने जाहीरपणे लिहिली आहे. असे असताना ज्यांना डॉक्टरांसमोर बसायचीही सवय नाही अशांनी आपण होऊन उंबरठा ओलांडावा अशी अपेक्षा ठेवणारी व्यवस्था बोलक्यांचीच मुले वाचवील. विचारण्याची जबाबदारी रुग्णालयावर हवी.

महाराष्ट्रात चित्र एका अर्थाने उलटे आहे. इथे नातेवाइकाला वॉर्डात येऊ द्या अशी चळवळ करावी लागली नाही. सार्वजनिक रुग्णालये नातेवाइकांच्याच बळावर चालतात. मुलाला पुसणे, लघवीचे भांडे देणे, सलाईन संपत आले की सिस्टरना हाक मारणे, नमुना घेऊन प्रयोगशाळेत पळणे ही कामे घरचेच करतात आणि रात्री खाटेखाली सतरंजी टाकून झोपतात. म्हणजे सर्वांत जास्त तास पाहणारा माणूस इथे हजर आहे. त्याला बिनपगारी मदतनीस म्हणून जागा आहे, माहीतगार म्हणून नाही.

त्यातही एक बारकावा आहे. मूल बिघडू लागते त्या घटकेला बाप बहुधा खाटेशी नसतो. तो चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात असतो, रक्तपेढीत बदली रक्तदाता शोधत असतो, किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या कागदांसाठी आरोग्यमित्राच्या टेबलापुढे उभा असतो. खाटेशी आई असते आणि तिला रात्रभराचा तपशील पाठ असतो: कधी दूध नाकारले, किती वेळा कण्हले, शेवटची लघवी केव्हा झाली. राउंडला आलेले डॉक्टर मात्र विचारतात, ‘वडील कुठे आहेत?’ सही त्यांची हवी असते, म्हणून माहितीही त्यांनाच द्यायची रीत पडली आहे. ज्याला ठाऊक नाही त्याच्याशी संवाद होतो आणि जिला ठाऊक आहे ती पदर सावरून बाजूला उभी राहते. पालघर, नंदुरबार किंवा गडचिरोलीकडून आलेल्या घरांत यात भाषेची भर पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली. त्यातून तपासणीत सापडलेली हृदयदोषाची मुले शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरांत येतात. वारली, भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या आईची शंका मराठीत, मराठीतून वॉर्डाच्या हिंदीत आणि तिथून केसपेपरच्या इंग्रजीत जाईपर्यंत ‘आई घाबरलेली आहे’ एवढीच उरते.

कागदावर हक्क आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती करून खाजगी रुग्णालयांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे बंधनकारक केले. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क त्यात आहे. पण हा हक्क कागदपत्रे घेऊन दुसरीकडे जाऊ शकणाऱ्या रुग्णाचा आहे. रात्री दोन वाजता ज्याचे पोट ताठ झाले आहे त्या मुलाला त्याच इमारतीतला दुसरा डॉक्टर दहा मिनिटांत हवा असतो, आणि त्यासाठी कुणाला हाक मारायची हे कोणत्याच फलकावर लिहिलेले नसते. भिंतीवर ठळक दिसतो तो २०१० चा कायदा: डॉक्टर वा रुग्णालयावर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. तो कायदा आवश्यक आहे आणि मारहाणीचे समर्थन कुठल्याही दुःखाने होत नाही. तरी नातेवाइकाने काय करू नये एवढेच सांगणारी भिंत अपुरी आहे. मूल हातचे जाताना ज्याचे कुणी ऐकले नाही, त्याच्या संतापाला मागाहून पोलीस बंदोबस्ताने उत्तर देण्यापेक्षा आधी ऐकणे स्वस्त पडते.

या मांडणीवर डॉक्टरांचे आक्षेप आहेत आणि ते सरसकट झटकून टाकण्यासारखे नाहीत. आईबाप काळजी करणारच, प्रत्येक शंकेमागे धावलो तर खरा आजारी मागे राहील, हा पहिला. बाहेरचा अनुभव वेगळा आहे. जिथे कुटुंबांना थेट फोनची सोय मिळाली तिथे फोनचा भडिमार झाला नाही. आलेल्या फोनांत वेदना आणि न मिळालेली माहिती यांचा वाटा मोठा होता, पण तीही रुग्णालयाचीच कामे आहेत. मेलबर्नच्या एका बालरुग्णालयात तातडीच्या विभागात आलेल्या मुलांच्या पालकांना ‘मूल खालावते आहे असे वाटते का’ असे पद्धतशीर विचारले गेले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पालकांची चिंता अतिदक्षतेची गरज दाखवण्यात नाडी-श्वासाच्या बिघडलेल्या आकड्यांहून सरस ठरली. हा शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डाचा अभ्यास नव्हे, हे ध्यानात ठेवावे लागेल. दुसरीकडे, मुख्यतः आकड्यांवर भिस्त ठेवणारे धोक्याचे गुणांकन सात देशांतल्या २१ रुग्णालयांत तपासले गेले तेव्हा बालमृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. तो निष्कर्ष २०१८ चा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत फोन उचलणार कोण? सलग छत्तीस तास जागा असलेला तोच निवासी डॉक्टर. मनुष्यबळ न वाढवता असा नियम आणला तर कागदावर आणखी एक रकाना वाढेल, इतकेच. म्हणून हाक त्या युनिटबाहेर जायला हवी, म्हणजे भूलशास्त्राच्या किंवा बाल अतिदक्षता विभागाच्या ऑन-कॉल डॉक्टरकडे, आणि त्याची नोंद अधीक्षकांकडे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हे शक्य आहे, कारण तिथे हे विभाग रात्रभर चालू असतातच. तालुक्यातल्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये सर्जनच मालक आणि सर्जनच वरिष्ठ. तिथे ‘दुसरे पथक’ ही कल्पनाच बसत नाही. तिथे मुलाला हलवायचे केव्हा आणि कुठे, हे शस्त्रक्रियेच्या आधी ठरवून पालकांना सांगणे हाच त्याला पर्याय आहे. नियोजित शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रात धोक्यांची यादी असते. धोका उद्भवल्यास काय करायचे याची ओळ मात्र क्वचित सापडते.

मूल अतिदक्षता विभागात गेले की चित्र एकदम पालटते. आतापर्यंत ज्याच्यावाचून चालत नव्हते तो नातेवाईक आता दाराबाहेर. भेटीची वेळ ठरलेली, एकानेच आत जायचे, दाराशी सुरक्षारक्षक. जंतुसंसर्गाचे कारण काही अंशी खरे आहे, पण हात धुऊन गाउन घातलेली आई वॉर्डबॉयपेक्षा अधिक जंतू कशी आणते याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. हृदय बंद पडून पुनरुज्जीवनाचे प्रयत्न चालू असताना नातेवाइकांनी समोर असावे का, हा प्रश्नही आता केवळ मतांचा राहिलेला नाही. फ्रान्समध्ये प्रौढ रुग्णांच्या घरी झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना उपस्थित राहण्याचा पर्याय दिला गेला त्या नातेवाइकांत नंतरच्या मानसिक आघाताची लक्षणे कमी आढळली आणि उपचारांत अडथळाही आला नाही. मुलांच्या बाबतीत हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण बंद दारामागे काय चालले आहे याची कल्पना करत बसणे पाहण्यापेक्षा सुसह्य असते हे गृहीतक त्याने नक्कीच डळमळीत केले आहे.

दाराबाहेरच्या त्या तासांत घर स्वतःवरच उलटू शकते. मोठ्या आजारात नातेवाईक धावून येतात ही आपली ताकद. त्याच गर्दीतून ‘ऑपरेशन करायलाच नको होते’, ‘दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचे होते’ अशी वाक्येही येतात. ती सही करणाऱ्याच्या वर्मी लागतात, कारण नियोजित शस्त्रक्रियेला होकार त्याने स्वतः दिलेला असतो. अशा वेळी एक गोष्ट उपयोगी पडते असे बालरुग्णालयांतले समुपदेशक सांगतात: डॉक्टरांशी बोलणारी व्यक्ती एकच ठेवावी, ती शक्यतो मुलाजवळ असणारी असावी, आणि सांगितलेले वेळेसह वहीत लिहावे. वहीमुळे पाळी बदलल्यावर नव्या डॉक्टरला जुना तपशील मिळतो आणि घरातल्या दहा जणांना दहा हकिकती मिळत नाहीत. मुलालाही काही तरी खरे सांगावे लागते. ‘सुई टोचणार नाही’ असे सांगून टोचली की पुढची सगळी आश्वासने फुकट जातात. आजीकडे ठेवलेल्या भावंडाचा विसर तर बहुतेक सर्वांना पडतो.

काही आणीबाण्या रुग्णालयातून घरी आल्यावर उद्भवतात. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतरचा दुसऱ्या टप्प्यातला रक्तस्राव साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी होतो. तोवर मूल गावी पोहोचलेले असते आणि सर्जन शंभर किलोमीटरवर असतात. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. पण थोडे रक्त दिसले तरी थांबायचे नाही, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत छापलेले नसेल तर घरचे सकाळची वाट पाहतात. औषधांच्या इंग्रजी यादीखाली ‘काही त्रास झाल्यास दाखवणे’ एवढीच ओळ असते. कोणता त्रास, किती वेळात, कुठे, हे तिथे लिहायला दोन मिनिटे लागतात.

मूल वाचले तरी घर लगेच पूर्वपदावर येत नाही. अतिदक्षता विभागातून परतलेल्या मुलांच्या पालकांपैकी अनेकांना महिनोन्‌महिने झोप न लागणे, यंत्राच्या आवाजाने दचकणे, मुलाला नजरेआड न होऊ देणे असा त्रास राहतो. तपासणी मात्र टाक्यांची होते, पालकांची नाही. मूल गेलेल्या घराला तर ओपीडीची तारीखही उरत नाही. त्यांना मिळते ते बिल, मृत्यूचा दाखला आणि हवी असल्यास कागदपत्रे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात. कागद वाचून समजत नाही ते विचारायला घर वकिलाकडे जाते, आणि एकदा तिथे गेले की डॉक्टर बोलू शकत नाहीत. चार-सहा आठवड्यांनी त्या युनिटच्या प्रमुखांनी आईबापांना बसवून काय झाले ते क्रमाने सांगावे, अशी भेट काही देशांत नेमाने ठरवली जाते. आपल्याकडे ती व्हायची असेल तर रुग्णालयाला तिची तारीख स्वतःहून कळवावी लागेल, आणि त्या भेटीत आईने वहीत टिपलेल्या वेळा केसपेपरवरच्या वेळांशेजारी ठेवून वाचाव्या लागतील.